मागच्या काठावरची चौदा भोकं

८ जानेवारी १९९६
गाडीच्या मागच्या काठावरची चौदाही भोकं बुजवली. पितळ भरून घासली, वरून आणि आतूनही. "आत कोण बघणार?" सौ.चा प्रश्न. मी बघणार.
बावन्न सालची उघडी गाडी. निम्मं आयुष्य वरातींत गेलेलं. फुलांच्या माळा बांधायला ज्याला जिथे सुचलं तिथे त्याने भोक पाडलं.
बुजवण्याआधी शिवणकामवाले रशीदभाई नव्या कापडी टपाचं माप घ्यायला आले होते. म्हणाले, "भोकं राहू द्या की अजून." म्हटलं, वरातीची आहेत, तुम्ही शिवायचं बघा.
माप घेऊन गेले.

१७ जाने.
रंगाचा शेवटचा हात. सायीचा रंग. आधी शेडमध्ये पाणी शिंपडून धूळ बसवली. दुपारपर्यंत चारदा जाऊन आलो. हात लावायचा नाही हे माहीत आहे, तरी.
कुठल्या गॅरेजात शिकलो नाही. उघडायचं, चुकायचं, पुन्हा जोडायचं. काठाकडे बघून कोणी सांगावं तिथे कधी काही होतं म्हणून.
४ फेब्रु.ला जुन्या गाड्यांची फेरी. इंदुताई बसणार आहेत. गाडी त्यांच्या सासऱ्यांची, ताईंनीच मला विकली. तेव्हा टप नव्हताच. अट एकच: "टप घालून आणा. उन्हात मी बसायची नाही."

२५ जाने.
रशीदभाई टप घेऊन आले. शिवण बघत राहावी अशी. गाडीवर पसरला, मागची कड काठाशी धरली आणि तसेच उभे राहिले.
"टिचबटणं कुठे लावू?"
मी काठाकडे बघितलं.
"चौदा होती ना, साहेब? सगळीच वरातीची?"
टप घडी घालून घेऊन गेले. जेवलो नाही नीट.

२७ जाने.
शनिवार पेठेत इंदुताईंकडे. सहज आलो म्हटलं. जुने फोटो मागितले. एकात गाडी नवी कोरी, टप चढवलेला, उजवी बाजू. भिंगातून मोजली. उजवीकडे पाच बटणं, मागे मधोमध एक. म्हणजे डावीकडे पाच धरून अकरा.
"आणि तीन भोकं आमची," ताई म्हणाल्या. "माझ्या वरातीला पाडली. मामंजींनी माळीबुवांना चार शब्द सुनावले, मग स्वतःच चौथं पाडायला निघाले."
हसलो. चहा अर्धा ठेवून निघालो.

२८ जाने.
कागदावर काठ उतरवून घेतला. फोटोवरून अंतरं काढली. तीन वेळा काढली, तिन्ही वेगळी. आतून पितळ दिसलं असतं तर... पण आतूनही घासून रंग देणारा मीच.
सौ. म्हणाली, "अहो, रशीदभाईंना विचारा." विचारीन म्हटलं. गेलो नाही.

३० जाने.
गेलो. उंबऱ्यातच सांगून टाकलं. माझं चुकलं, विचारायला हवं होतं.
मशीन थांबवलं नाही त्यांनी. शिवण संपवली, दोरा तोडला. "बसा. चार वर्षांत पहिल्यांदा विचारताय, जरा सवय होऊ द्या मला."
मग खणातून पर्सला लावतात ते चुंबकाचं बटण काढलं, बारीकसं. "लोखंडाला चिकटतं. पितळाला नाही."
हे मला सुचायला हवं होतं.

१ फेब्रु.
रशीदभाई सकाळीच शेडवर. चुंबक दोऱ्याला बांधून काठावरून हळू ओढत नेलं. जिथे ओढ सुटली तिथे पेन्सिलीचा ठिपका. चौदा ठिपके. फोटो समोर ठेवला. उजवी बाजू आणि मधलं, लगेच एकमत. डावीकडची चार, एकमत.
अकरावं अडलं. दोन ठिपके, दीड बोटाचं अंतर. मी म्हणतो पुढचं, उजवीकडच्या मापाशी तेच जुळतं. ते म्हणतात मागचं. "हाताने बनवलेली बॉडी आहे, दोन्हीकडे सारखी नसते. कापड तिकडेच ओढतंय." मला कापड कुठेच ओढलेलं दिसलं नाही. चार वेळा हात फिरवला.
चुकीचं पाडलं तर कड सुरकुतणार आणि रंग गेलाच.
"गाडी तुमची, पाडा," ते म्हणाले.
तुम्हीच पाडा म्हणून ड्रिल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते बाकावर ठेवलं आणि चहा मागवला.
चहा झाला. कप रिकामे. ड्रिल अजून बाकावरच, आधी कोण उचलतो ते दोघंही बघतोय.