छावणीतले हॉलिनथ्वेट

मंगळ., ९ जाने. १९६८
रविवारच्या आडनावांच्या सदराला विषय आयता चालून आला. विलायतेहून एक हॉलिनथ्वेट आलाय. त्याचा चुलत पणजोबा निजामाच्या फौजेत कॅप्टन. इथं छावणीच्या कबरस्तानात पुरलेला. त्याच्यावर नवा दगड बसवायचाय. नावाचा अर्थ साहेबानंच सांगितला : काटेरी झुडपं तोडून काढलेली जमीन. तिकडंही आता या नावाची दोन-तीनच घरं.
छावणीत मात्र आपल्या रूथबाई हॉलिनथ्वेट. मिशन शाळेतून निवृत्त शिक्षिका; सगळे त्यांना कॅप्टनच्या वंशातल्याच म्हणतात. वडिलांचं नावही त्या दगडावर यावं म्हणतात. साहेब मला म्हणाला, चौकशी करा, तुम्ही हो म्हणालात तर कोरतो. मला कशाला मधे घालतो?

बुध., १०
कॅप्टनचं लग्नच झालं नव्हतं. म्हणून काही सिद्ध होत नाही, पण… रूथबाई बोलता बोलता 'आमची भावकी इथं जवळच, बिडकीनला' म्हणून गेल्या, आणि लगेच चहा टाकायला उठल्या. निघताना तिळाचा लाडू हातावर. लाच?

गुरु., ११
चर्चचे म्हातारे पाळक भेटले. माझा संशय ऐकून हसले. दुष्काळात मिशनमध्ये आलेल्या पोराचा खर्च विलायतेतलं जे घर उचलायचं, त्याचंच आडनाव बाप्तिस्म्याला द्यायचे. रूथबाईंचे वडील त्यातले.
तडक बाईंकडे. वंशज म्हणून का सांगितलंत?
"मी कधी म्हणले? तुम्हीच समदे म्हणता. नाव आमचं हाय, येवढंच म्हणले मी."
रक्ताचं नाही ना पण.
"मुनशीसाहेब, तुमचं तरी रक्ताचं हाय व्हय? कोण्या बादशाच्या चाकरीनं दिलं. आमच्या आबाला भाकरीनं दिलं."
वही मिटून उठलो. लाडू मात्र पुन्हा मिळाला.

शनि., १३
दुपारी मजकूर द्यायचा. नावाचा अर्थ लिहून झाला, पुढं हात चालेना. हॉटेलवर जाऊन साहेबाला सगळं सांगितलं. चकितही झाला नाही. इतकं दुर्मीळ नाव. म्हणजे त्या पोराचा खर्च उचलणारं घर त्याचंच असणार. ठाऊक होतं तर मला का फिरवलं? नकार देणारा कुणी गावातला हवा होता?
तोंडावर विचारलं. त्यानं उलट मलाच विचारलं, तुमचं मत काय?
कोरा, म्हणालो.
'बघतो' म्हणाला.
संध्याकाळी कबरस्तानात गेलो. कॅप्टनचं नाव कोरून पाथरवट हत्यारं आवरत होता. खाली बाईंच्या वडिलांचं नाव खडूनं लिहिलेलं, शाळेच्या फळ्यावरच्यासारखं ठसठशीत.
"बाईंनी लिव्हलं," पाथरवट म्हणाला. "साहेब अजून आले नाहीत."