लग्नाला निघालेली मामाची इलेक्ट्रिक

१२ जानेवारी २०२५, नेर

गाडी घेतली. इलेक्ट्रिक! नेरमध्ये माझ्या माहितीत पहिलीच. (बसस्टँडमागच्या डॉक्टरांकडे एक आहे म्हणतात, पण ते निम्मा वेळ अमरावतीला असतात. धरत नाही.) सेकंडहँड आहे, पण पांढरी आहे आणि आवाज अजिबात नाही. तहसील ऑफिसातल्या माझ्या जुन्या साहेबांचा मुलगा अवधूत, अमरावतीला गाड्या विकतो, त्याच्याकडून घेतली. आधी एका कंपनीत अधिकाऱ्यांची ने-आण करायची. म्हणजे संस्कार चांगले.

चार्जिंगची दोन तोंडं आहेत. एक घरच्या वायरचं, एक मोठं गोल, फास्ट चार्जिंगचं. त्या गोल तोंडाबद्दल अवधूत बराच वेळ काहीतरी सांगत होता. जुनी पद्धत, आता मशीनच्या वायरीच्या टोकाच्या गन वेगळ्या, रात्री घरीच लावत जा वगैरे. मी मान डोलावली. विकणाऱ्याला बोलायची सवयच असते.

संकल्प: प्रेरणाच्या लग्नाला ह्याच गाडीने जायचं. १६ फेब्रुवारी, केळापूर. माझ्या धाकट्या बहिणीची, विमलची ही मुलगी, आणि मी तिचा एकुलता एक मामा. भटजी माइकवरून म्हणणार, मामांनी मुलीला आणावं. त्याआधी मांडवाच्या दारात पांढरी गाडी आवाज न करता येऊन थांबणार. चित्र डोळ्यांसमोर आहे.

१९ जानेवारी

चार्जिंगचा सखोल अभ्यास केला. (यूट्यूब, वीस मिनिटं. मग डुलकी लागली.) कनेक्टर हा विषय लोकांनी उगाच अवघड करून ठेवला आहे. घरचा पंधरा अँपिअरचा सॉकेट म्हणजे हळू. हायवेवरचं मशीन म्हणजे फास्ट. टाइप टू, सीसीएस टू, जीबीटी अशी नावं आहेत, पण नावात काय ठेवलं आहे? वीज ती वीज.

सुनीतीला हे समजावून सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, तुमच्या जुन्या फोनचा चार्जर माह्या फोनले लागते काय? बायकांचं हे असं असतं. मोठा विषय चालू असताना फोन मध्ये आणतात.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून ट्रायल. यवतमाळ जाऊन आलो. कागदावर एका चार्जिंगमध्ये एकशे चाळीस किलोमीटर जाते. मी साठ गेलो आणि एकतीस टक्के उरले. कारण वारा. जाताना समोरून होता. येतानाही समोरून होता.

रात्री खिडकीतून वायर काढून लावली. गाडी आणि गीझर एकदम चालू झाले की घरची वीज जाते. चूक गीझरची.

२ फेब्रुवारी

विमलचा फोन. लग्न घरीच, दारात मांडव. भगवानरावांनी, म्हणजे विमलच्या यजमानांनी, अजून कापूस विकलेला नाही. भाव येईल म्हणून पुढच्या दोन खोल्या आढ्यापर्यंत भरून ठेवल्या आहेत. पाहुण्यांना कापसावरच झोपवणार म्हणे. मऊ असतं, पण खाज सुटते.

विमल म्हणाली, दादा, तू आदल्या दिवशीच ये, ते गाडी-बिडी राहू दे, रजत येते तुले घ्यायले. रजत म्हणजे तिचा मुलगा. मी म्हटलं, ज्या मामाकडे स्वतःची गाडी आहे त्याला भाचा घ्यायला येतो, हे केळापूरला शोभेल का? ती म्हणाली, केळापूरले काय करायचं, मले तू पाहिजे. भावनेच्या भरात बोलते. पहिल्यापासून तशीच.

१० फेब्रुवारी

प्लॅन तयार. सातला नेर सोडायचं. आठला यवतमाळ, पेट्रोल पंपावरच्या मशीनवर पाऊण तास फास्ट चार्जिंग, तोवर नाश्ता. साडेदहाला केळापूर. मुहूर्त अकरा चाळीसचा. शिवाय आपल्याकडचं लग्न वेळेवर लागलं असं कोणी पाहिलं आहे? माझं स्वतःचं साडेतीन तास उशिरा लागलं. नवरा मी होतो, तरी कोणाला घाई नव्हती.

१५ फेब्रुवारी

सुनीती आज दुपारीच निघून गेली. मी एस्टीनं जातो म्हणाली, तुमाले यायचं तसं या. पत्नीचाच विश्वास नाही. मनाला फार लागलं.

त्यात अजून एक. जाण्यापूर्वी तिने मिक्सरसाठी गाडीचा प्लग काढला आणि परत लावला नाही. मला सांगितलं होतं म्हणते. मी तेव्हा आरशासमोर फेटा बांधून पाहत होतो. संध्याकाळी लक्षात आलं. रात्री व्होल्टेज कमी. सकाळपर्यंत शंभर होईल असं वाटत नाही. पण यवतमाळला मशीन आहे, चिंता नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

निघालो. फेटा तीनदा सुटला. बॅटरी एकाहत्तर टक्के.

८.५०, यवतमाळ

गन जात नाही.

मशीनला दोन गन आहेत आणि दोन्ही सारख्याच. वर एक चपटं गोल, खाली दोन मोठी भोकं. माझ्या गाडीचं तोंड नुसतं गोल. तिरकी करून पाहिली. झाकण काढून पाहिलं. मग जरा जोर लावला.

शेजारी अमरावतीच्या एक बाई त्यांची गाडी चार्ज करत होत्या. म्हणाल्या, काका, जोर लावू नका, ही सीसीएस टू आहे, तुमची जुनी जीबीटी आहे, ती यात बसत नाही, आणि ती गन आता ह्या रोडवर मिळायची नाही. मी विचारलं, मग फास्ट चार्जिंगचं तोंड दिलंच कशाला? त्या म्हणाल्या, तेव्हा त्याची मशीनं बसवत होते. म्हणजे तोंड आहे आणि घास भरवणारा मेला. याला काय म्हणायचं? शुद्ध विश्वासघात.

बाई आदिलाबादला चालल्या होत्या, केळापूरशेजारच्या पांढरकवड्यावरूनच. म्हणाल्या, केळापूरले सोडून देतो तुमाले, गाडी राहू द्या इथंच. स्वभावाने चांगल्या वाटल्या. पण फेटा बांधलेला मामा परक्या बाईच्या गाडीतून उतरणार? नम्रपणे नाही म्हटलं. शिवाय बेचाळीस टक्के आहेत. उतार लागला की बॅटरी उलट भरते, असं व्हिडिओत होतं.

९.२०

विमलचा फोन. कुठवर आला दादा? म्हटलं, जोडमोहा मागे पडलं. (मी यवतमाळच्या पंपावरच होतो, पोहे मागवले होते.) लग्नघरात आधीच धांदल असते. त्यांना धीर द्यायचं काम आपलंच.

१०.२५

जोडमोहा आता खरोखर मागे पडलं. बावीस टक्के. उतार आले, पण चढही आले, आणि चढ जास्त होते. एसी बंद. काचाही बंद, कारण उघडल्या की म्हणे वारा गाडीला मागे ओढतो. वेग तीस. कापसाने भरलेला ट्रॅक्टर मला ओलांडून गेला. वर बसलेल्या माणसाने हात केला. मी केला नाही.

११.२०

आठ टक्के. स्क्रीनवर कासव आलं आहे. कासवाचं चित्र दाखवून गाडी मालकाचा अपमान करते, हे अवधूतने सांगितलं नव्हतं.

रस्त्याच्या कडेला कापसाची सरकी काढायची जिनिंग मिल दिसली, वळवली. बंद आहे, कापूस येतच नाही, सगळ्यांच्या घरात पडून. पण वीज आहे. चौकीदार खेमसिंग. म्हणाला, लावा साहेब, इथं दुसरं कोन लावून राह्यलं? ऑफिसच्या सॉकेटला वायर लावली. हिरवा दिवा. खुर्ची दिली, चहा ठेवला. माणुसकी शिल्लक आहे, पण ती अनोळखी लोकांकडे.

११.४५

रजतचा फोन. मामा, कुठं हा? मी गाडी काढू काय? इथून केळापूर पंचवीस किलोमीटर. म्हटलं, अरे गावाजवळच आलो, दहा मिनिटं. तो येऊन मला नेणार, आणि माझी गाडी जिनिंगच्या आवारात वायर लावून उभी असल्याचं वऱ्हाडाला सांगणार. नको. घोडं काही अडलेलं नाही. कोणीतरी नाचतच असेल अजून.

१२.३०

बावीस टक्के. विमलचा फोन. मागे वाजंत्री बंद. म्हणाली, भटजीले थांबवून ठेवलं आहे दादा, पोरगी उभी आहे. म्हटलं, हे काय, कमान दिसतेय. विमल म्हणाली, कोणची कमान? म्हटलं, आवाज तुटतोय.

१.१५

बराच वेळ फोन नाही. चांगलं लक्षण. म्हणजे अजून काही सुरू झालेलं नाही.

रात्री, केळापूर

दोन वीसला पोहोचलो. पंगती बसल्या होत्या.

लग्न एक वाजून पाच मिनिटांनी लागलं. फक्त दीड तास थांबले! आपल्याकडे एवढ्यात वरातीचा घोडासुद्धा येत नाही. मुलाकडचे पुण्यात नोकरीला आहेत, त्यांनी तिकडची घाई इकडे आणली. आणि मुलीला मांडवात कोणी आणलं? सुनीतीने. मामी आहे म्हणून चालते, असं भटजींनी ठरवलं म्हणे. कोणाला विचारून ठरवलं?

पांढऱ्या गाडीकडे कोणी पाहिलंही नाही. रजतने तेवढं विचारलं, मामा, गाडी तं चांगली दिसते, मंग झालं काय? मी म्हटलं, जेवण झाल्यावर सांगतो. प्रेरणा पाया पडली. डोळे लाल होते, पण नवरीचे असतातच. भगवानराव म्हणाले, जेवून घ्या. एवढंच. मी कापसावर झोपलो आहे. खाज सुटली आहे.

१८ फेब्रुवारी, नेर

सविस्तर विचार केला. दगा देणारे पुढीलप्रमाणे. अवधूत. मशीनवाले. सरकार, एकच गन ठरवायला काय झालं होतं? सुनीती, आधी मिक्सर आणि मग मांडव. भटजी. पुणे.

अवधूतला फोन करून झाडला. म्हणाला, काका, तुमाले सांगितलं होतं ना, हायवेवर नाही चालत, घरीच लावा. सांगितलं होतं, हे मी मान्य करतो. पण ठासून सांगितलं नव्हतं.

विमल फोन उचलत नाही. पाहुण्यांच्या आवराआवरीत असेल.

२३ फेब्रुवारी

सकाळी प्रेरणाचा फोन आला, सासरहून. आवाज चांगला होता. मी लगेच जीबीटी आणि सीसीएस टू यातला फरक सांगायला घेतला, म्हणजे तिला माझी बाजू कळावी. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाली, मामा, गाडी बंद पडली ते जाऊ द्या, कोनाची बी पडते. पण रजत गाडी चालू करून बसला होता. तुमी दहा मिनिटं म्हणे म्हणून तो उतरला. खरं सांगतलं असतं तं घंटाभरात आला असता तुमाले घेऊन.

मी म्हटलं, बेटा, तिकडे नेटवर्क नव्हतं.

ती म्हणाली, फोनवर बोललो ना मामा आपल्या घरचे तुमच्याशी. तीनदा.

रागावून म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती रागावली नव्हती. म्हणाली, भटजी आईले म्हणे, आता मामीले बोलवा. मी म्हनलं, थांबा, माह्ये मामा येऊन राह्यले. मंग अजून एकदा म्हनलं. सगळे पाहून राह्यले होते माह्याकडे. मग तिने बीपीच्या गोळ्या घेता काय ते विचारलं आणि फोन ठेवला.

सुनीतीने विचारलं, काय म्हणे पोरगी? म्हटलं, मजेत आहे.

फार वाईट वाटतं आहे. भरल्या मांडवात, डोक्याला बाशिंग बांधून, ती माझ्यासाठी दोनदा थांबा म्हणाली. तेव्हा मी जिनिंगच्या ऑफिसात बसून खेमसिंगने दिलेला दुसरा चहा पीत होतो.