धुतलेलं पॅड

प्रिय आई,

तीन महिने झाले, माझ्या अंगावरनं लई जातंय. पंधरा-पंधरा दिवस थांबतच न्हाय. नवऱ्याला सांगितलं न्हाय, पोरीला सांगितलं न्हाय. जिवंत माणसं सोडून तुला लिहायला बसलेय. का, ते तुला माहीत हाय. तूबी अशीच गप्प बसली होतीस.

तुला चक्कर येते म्हणून बोरगावातनं बेळगावच्या दवाखान्याला निघालो तो दिवस आठवतोय न्हवं? गाडीत तू सीटच्या टोकाला बसलेली. निपाणी मागं पडली तरी टेकायला तयार न्हाईस. "नीट बस की गं!" म्हटलं, तर म्हणालीस, "बरं हाय असंच." उतरताना मला मागनं चालायला लावलंस, तेव्हा दिसलं. पातळ सगळं रगतानं भिजलेलं.

"आई, कधीपासनं हे?"

"झालं असतील चार-पाच महिने. पाळी जायाच्या वक्ताला असंच असतंय म्हणत्यात."

दवाखान्याच्या बाथरूममध्ये पर्समधलं पॅड काढून दिलं. पन्नाशीला आलेली तू ते हातात घेऊन फिरवत राहिलीस. "ह्ये उलटं का सुलटं गं?"

मी आठवीपासनं पॅड वापरत होते, आई! तुला एकदाबी दिलं न्हाय. आपलं जैनांचं घर, त्या चार दिवसांत स्वयंपाकघरात जायाचं न्हाय. कितीदा दोघी एकाच चटईवर बाजूला बसलो. माझं पाकीट दप्तरात लपवलेलं, तुझ्या कापडाच्या घड्या वाळत घातलेल्या परकराखाली लपवलेल्या. दोघींनाबी सगळं माहीत, आणि बोलायचं काय, तर आज ऊन लई हाय! तुला कधी मागावंसं वाटलं न्हाय का गं?

वॉर्डात कानडी नर्सबाईंनी तुला बजावलं होतं, "अव्वा, पॅड टाकू नका. किती जातंय ते डॉक्टरांना सांगायचंय. मला दाखवा." मी चहा आणायला गेले. परत येते तर आत नळ सुरू. तू ते पॅड धुतलंस! चोळून, पिळून, पांढरंशुभ्र करून तळहातावर घेऊन बाहेर आलीस. नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "किती जात होतं मग, सांगा तरी."

"थोडंच," म्हणालीस.

मी तुझ्यावर ओरडले. सगळ्या वॉर्डासमोर तुला अडाणी म्हटलं. तू खाली बघून एवढंच बोललीस, "रगत कुणाला दाखवत्यात व्हय?" पुढं तपासण्यांत पिशवीचा कॅन्सर निघाला, पण लई उशीर झाला होता. वरीसभरबी राहिली न्हाईस. त्या 'अडाणी' शब्दाची माफी मागायची राहिली, आई. आज मागते.

आणि शाणी मी काय करते, सांगू? एवढी वर्षं पॅड वापरते, पण अजून धुऊनच कागदात गुंडाळते. तुझ्याकडनं आलेलं सुटतच न्हाय बघ! काल आर्या बाथरूममधनं बाहेर आली. तुझी नात आता नववीला हाय. मला म्हणाली, "मम्मी, आतला कचऱ्याचा डबा दोन दिवसांत भरला. तुला बरं हाय न्हवं?"

"थोडंच जातंय गं," मी म्हटलं.

तुझाच शब्द, आई. तोंडातनं गेला आणि मगच मला कळलं.

भ्या वाटतंय. लई भ्या वाटतंय. पण आता पत्र मिटून पहिल्यांदा आर्याला हाक मारणार हाय, मग तिच्या पप्पांना. उद्या सकाळच्या गाडीनं बेळगावला. तुला शब्द देते, किती जातंय विचारलं तर खरं सांगीन. दाखवा म्हटलं तर न धुता दाखवीन.

तुझीच,
सुनी