पुरलेला कोट आणि उरलेली मांजरी

देवाला स्मरून लिहिते. मी, खाली सही करणारी, फरच्या कोटांच्या दुकानदाराची विधवा, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या अकलेने लिहीत आहे. अक्कल ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो माणसांच्या डॉक्टरांचा आहे. जनावरांचे डॉक्टर खाली साक्षीला आहेत. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोडही बोललेले नाही. याआधी मृत्युपत्र केले नव्हते, कारण याआधी मला मुलांवर भरवसा होता.

घरासाठी मी कागद केला नसता. भांडून का होईना, दोघे वाटून घेतील. हा कागद मांजरीसाठी आहे. माझ्यामागे तिला बाहेर काढतील, याची तालीम मी जिवंतपणी पाहिली आहे.

कलम १. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. देवघरातल्या वस्तू सुनेला द्याव्यात. तिचा देवावर विश्वास नाही, पण पितळ ती चांगले घासते. दुकानातले काहीही देवघराच्या उंबऱ्याआत येऊ द्यायचे नाही, हा माझा नियम होता. यजमान हात धुऊन, कपडे बदलून मगच जेवायला बसत. तरी एखादा केस ताटात निघेच. ते म्हणत, "गुपचूप काढ आणि जेव, महागाचा आहे तो."

कलम २. माझा लांब, तांबूस कोट. हा सध्या मागच्या अंगणात पुरलेला आहे. त्याचे असे झाले. गेल्या हिवाळ्यात माझे ऑपरेशन झाले आणि मी दवाखान्यात पडून होते. सूनबाई प्राणिमित्र मंडळाच्या चिटणीस आहेत. त्यांनी माझ्या कपाटातून कोट काढला आणि त्याचा अंत्यविधी केला. खड्डा मुलाने खणला. मंडळाच्या अध्यक्षांनी शोकभाषण केले, दोन मिनिटे सगळे उभे राहिले. सगळ्यांच्या पायांत चामड्याचे बूट होते, असे शेजारीणबाईंनी गच्चीवरून पाहिले. भाषण सूनबाईंनी आदल्या दिवशी लिहून दिले होते, गाईच्या कातड्याच्या सोफ्यावर बसून. विधीच्या वेळी मांजरी पुन्हा पुन्हा खड्ड्यात उतरत होती, कारण ती रोज त्या कोटावर निजायची. तिला पायाने बाजूला सारले आणि मग जिन्यात काढून दार लावून घेतले. मी घरी येईपर्यंत तिला परत आत घेतले नाही.

मी आले तेव्हा ती अंगणात होती. तिने माती उकरून कोटाची एक बाही वर काढली होती आणि तिच्यावर अंग मुडपून पडली होती. बरगड्या दिसत होत्या.

सूनबाई म्हणाल्या, "आई, आता तरी त्या बिचाऱ्या कोल्ह्यांना शांती मिळेल."

मी म्हटले, "आणि हिला?"

"तिचं काय, आई. ती मांजर आहे. होईल बाहेरची सवय."

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. तिने माझी तब्येत जिन्यातूनच विचारली आणि थेट अंगणात जाऊन रडली. म्हणाली, "बाबांनी तो मला कबूल केला होता. वहिनी, तुला नसेल घालायचा तर नको घालू, पण माझा का पुरलास?" नणंद-भावजय तेव्हापासून बोलत नाहीत. माझ्यामागे मांजरीला सांभाळायला मात्र दोघींनी नाही म्हटले. मुलीच्या घरात गालिचे आहेत, आणि सूनबाईंना केसांची ॲलर्जी आहे.

कलम ३. आता खरे काय ते लिहिते. यजमानांना मी शब्द दिला होता की जिवंत असेपर्यंत बोलणार नाही. घरात हा कागद वाचला जाईल तेव्हा तो शब्द पाळून झालेला असेल; साक्षीदारांनी आधी वाचला, तर ते माझे बोलणे नव्हे.

तो कोट नायलॉनचा आहे.

लग्नानंतर एकदाच मी त्यांच्याबरोबर, जिथे कोल्हे पाळतात तिथे गेले होते. एक कोल्हा पिंजऱ्यात गोल गोल फिरत होता. आम्ही गेलो तेव्हा फिरत होता, त्यांचा भाव ठरला, चहा झाला, आम्ही निघालो तेव्हाही फिरतच होता. घरी येऊन मी देवापुढे सांगितले की कातडे अंगाला लावणार नाही. पोटाला मात्र लावत आले. मुलांच्या फिया, हे घर, माझे ऑपरेशनसुद्धा त्या कोल्ह्यांनीच भरले. देवाने मला तेवढे विचारले नाही, आणि मीही विषय काढला नाही.

यजमान आठवडाभर रुसले. मग दुकान बंद झाल्यावर बसून त्यांनी स्वतः तो कोट शिवला. म्हणाले, "कोणाला बोलू नकोस. फरवाल्याची बायको नायलॉनमध्ये फिरते म्हटलं, की दुकानाला कुलूपच."

तो घालून मी दर आठवड्याला प्रार्थनेला जात असे. बायका बाहीवरून हात फिरवत, "खऱ्याची गोष्टच वेगळी" म्हणत आणि पुढच्या आठवड्यात नवऱ्याला घेऊन दुकानात येत. घरातल्या वाणसामानाचा हिशेब मी आजवर चोख ठेवला आहे. माझे नायलॉन पाहून किती कोल्हे गेले, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. तो देवाकडे असेल, आणि आता मी तिकडेच निघाले आहे.

तरी कोट उकरून काढावा, धुवावा (नायलॉन आहे, धुता येतो) आणि मांजरीला द्यावा. मुलीला अजूनही हवासा वाटला, तर तिने मांजरीला विचारावे.

कलम ४. फर शिवायचे मशीन, सुऱ्या आणि कातडी ताणायचा पाट दुकानातल्या जुन्या कारागिराला. तो हल्ली पाळीव कुत्र्यांचे कोट शिवतो. पूर्वी प्राण्यांच्या अंगावरचे काढून माणसांना घालत असे, आता माणसांकडून पैसे घेऊन प्राण्यांना घालतो. मला तो म्हणाला, "बाई, हे गिऱ्हाईक चावतं, पण घासाघीस करत नाही."

कलम ५. मांजरी. हिला दुकानात उंदरांसाठी आणली होती. ते कातडी कुरतडत. गल्ल्याशेजारी बसायची म्हणून कारागिराने नाव ठेवले मॅनेजरीण. म्हणजे तिच्याकडूनही आम्ही कामच करून घेतले. दुकान बंद झाले, त्या दिवशी तिला मी घरी आणले. पेन्शन म्हणून.

दुकानाच्या गाळ्याचे भाडे, मॅनेजरीण जिवंत असेपर्यंत, तिला आपल्या घरात, दाराच्या आतल्या बाजूला सांभाळणाऱ्या वारसाला दरमहा मिळेल. जनावरांचे डॉक्टर महिन्यातून एकदा न कळवता येतील. बरगड्या दिसल्या तर त्या महिन्याचे भाडे नाही. ती गेली की गाळा जनावरांच्या सरकारी दवाखान्याचा. दोघांनीही नाही म्हटले, तर मांजरी आणि भाडे दोन्ही कारागिराकडे जातील. मुलांच्या दयेवर माझा विश्वास आहे, पण भाड्यावर जास्त आहे.

हे कलम मी काल दोघांना वाचून दाखवले. संध्याकाळी मुलगी मासळी घेऊन आली. सूनबाईंची ॲलर्जी सकाळपर्यंत बरी झाली.

कलम ६. मॅनेजरीण आपल्या मरणाने मरेल, तेव्हा तिला अंगणात, कोटाच्या रिकाम्या खड्ड्यात पुरावे. भाषण नको. कातडे कोणी काढून ठेवू नये. आमच्या घरात हे लिहून ठेवावे लागते.

सही (लिहून देणारी)

साक्षीदार:
१. जनावरांचे डॉक्टर. यांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही, ओरखडे सोडून.
२. शेजारीणबाई. सही करण्यापूर्वी यांनी कलम ३ दोनदा वाचले, मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, मी तुमचा बघून घेतला होता माझा." त्यांचा खरा आहे.

ठिकाण: राहत्या घरचे स्वयंपाकघर
तारीख: नऊ नोव्हेंबर