पुष्करच्या कंट्रोलरचा दिवा

४ जाने., रवि.
आज पुन्हा तुटला. खेळ ऐन रंगात, अन् ब्लूटूथवरून कंट्रोलर गायब. पुष्करनं तो आपटला. गादीवरच आपटला, तेवढी अक्कल शाबूत आहे. "ताई, तुझा ड्रायव्हर भंगार आहे!" हळू बोलायले जाते तो, अन् ओरडते. बारावीत ताप आला, दोन्ही कान गेले, तेव्हापासून स्वतःचा आवाज केवढा निघते ते त्याले समजतच नाही. कानाचं मशीन लावून पाहिलं तर नुसता गोंगाट. आई स्वैपाकघरातून म्हणे, काहून भांडून राहिले रे? मी म्हटलं, भांडत नाही, इंजिनियरिंग करून राहिलो.

कल्पना माझी, म्हणून बोलणीही मलेच. पुष्करच्या गेममध्ये शत्रूची पावलं वाजतात. बाकीच्याईले हेडफोनमधून ऐकू येतात, याले नाही. मागून कोणीही येते अन् मारून जाते. मी गेमचा आवाज पकडून कंट्रोलरच्या पुढच्या दिव्याचा उजेड कमी-जास्त करते. पाऊल दूर, दिवा मिणमिणता. पाऊल जवळ, दिवा लख्ख. हातातल्या दिव्याकडे पाहायले मान खाली घालावी लागे, म्हणून स्क्रीनच्या पायाशी थर्माकोलची पांढरी पट्टी ठेवली. उजेड तिच्यावर पडते, नजर न हलवता दिसते. कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कंट्रोलर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दिवा एकतर चालू नाहीतर बंद. म्हणून मी माझा स्वतःचा लिहिला.

पण तुटते का? का??

६ जाने.
सापडलं! चूक माझीच, कोणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नाही. उजेड मऊ सरकावा, झटके बसू नयेत, म्हणून मी क्षणाक्षणाले कंट्रोलरले नवा आकडा पाठवून राहिली होती. वायरलेसची नळी बारीक. माझे दिव्याचे आकडे त्यातच, त्याच्या बटनांचे निरोप त्यातच. कोंबाकोंबी होऊन कनेक्शनच मरे. नखरे माझे, मार त्याले.

आता मऊबिऊ काही नाही. दिव्याच्या आठ पायऱ्या. पायरी बदलली तरच आकडा जाईल, नाहीतर गप्प.

संध्याकाळी खेळला. एकदाही तुटला नाही. अन् मागून एक जण आला, पट्टी उजळली, पुष्कर वळला अन् त्याले मारलं. वळला! चार वर्षांत पहिल्यांदा. माझ्याकडे पाहून हसला अन् मी उगाच चहा ठेवायले उठली.

८ जाने.
समीर आला. पुष्करच्या टीमचा कॅप्टन. पुष्करचा शाळेपासूनचा दोस्त, म्हणून कानांचं त्याले ठाऊक. "दीदी, ये तो जादू है." खूप वेळ खेळले दोघं. मग मुद्द्यावर आला. १८ तारखेले अधारतालले मॅरेज हॉलमध्ये टूर्नामेंट आहे. कंट्रोलर आपला, कंप्यूटर त्याईचे. "उनके सिस्टम में आपका ड्राइवर डालने देंगे क्या?"

मी म्हटलं, विचारू.

"और अगर मना किया तो... बिना लाइट के मैं पुष्कर को नहीं खिला पाऊँगा, दीदी. बाकी लड़कों का भी सोचना पड़ता है." हे बोलताना त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. पुष्कर ओठ वाचते. तोंड वळवलं म्हणजे काय, ते समजायले त्याले ओठ लागत नाहीत.

समीर गेल्यावर पुष्कर जेवलाच नाही नीट. आई म्हणे भाजी आवडली नाही का. मटर त्याच्याच आवडीचे, पनागरचे, कोवळे.

९ जाने.
पुष्करची अट. ड्रायव्हरबद्दल कोणाशीही बोल, कानाबद्दल नाही.

जबलपूरच्या गेमिंग ग्रुपवर तो सगळ्याईले फक्त नावानं माहीत आहे. चांगला खेळते अन् माइकवर कधी बोलत नाही, म्हणून त्याईच्या मते घमेंडी. त्याले ते चालते. चालते काय, आवडते! "घमेंडी म्हणू दे ना, ताई. घमेंडी माणसाले कोणी सावकाश-सावकाश बोलून दाखवत नाही."

बरं बाप्पा. नाही सांगत.

११ जाने., रवि.
टूर्नामेंटचे आयोजक तिवारीजी, त्याईच्याशी फोनवर बोलली. "कस्टम ड्राइवर? कोई हैक-वैक तो नहीं?" मी म्हटलं नाही जी, फक्त एलईडीची ब्राइटनेस कमी-जास्त करते.  मग म्हणे, "मैडम, बत्ती कम-ज़्यादा करने के लिए अलग से ड्राइवर कौन डालता है?"

खरंच. कोण टाकते.

"वजह लिख के भेज दीजिए, तब सोचेंगे."

समीरले सांगितलं तर म्हणे, पेन ड्राइव में ले चलते हैं, चुपचाप डाल देंगे. पोट्टा भैताड आहे, डोकंच नाही. पकडलं तर टीम बाहेर, अन् पुष्करच्या कपाळावर चोर म्हणून शिक्का. मग वजह काय लिहू, त्याचे डोळे दुखतात म्हणून? मग तिवारीजी म्हणतील दिव्यावर टेप चिकटवा.

लिहिलं. खरं ते लिहिलं. खेळाडूले ऐकू येत नाही, हा दिवा त्याले पावलं दाखवते, दिशा दाखवत नाही, जवळ की दूर एवढंच. मेसेज पाठवून दिला.

पुष्कर बाजूच्याच खोलीत होता. विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. म्हणूनच नाही विचारलं.

१२ जाने.
तिवारीजींनी मेसेज वाचला. उत्तर नाही. पुष्करले अजून सांगितलं नाही. परवानगी आली की सांगन, तेव्हा आनंदात राग पचून जाईल. असं वाटून राहिलं. 

१४ जाने., संक्रांत
तिवारीजींनी माझा मेसेज ग्रुपवर टाकला. सगळ्या ग्रुपवर! वर स्वतःची ओळ, "एक प्रतियोगी सुन नहीं सकता, उसकी सहायता के लिए विशेष ड्राइवर, किसी टीम को आपत्ति हो तो बताए." खाली पुष्करचं नाव.

मी तिळगूळ घेऊन त्याच्या खोलीत गेली तर फोन माझ्यापुढे धरला. अंगठ्यानं एकेक मेसेज वर सरकवत दाखवून राहिला होता. अच्छा इसलिए माइक पे नहीं आता था. बेचारा. भाई तू चिंता मत कर, हम धीरे खेलेंगे. बेचारा. रडणाऱ्या स्माइल्या. अन् अधारतालच्या टीमचा कॅप्टन विक्की: लाइट देखके तो हम भी खेल लें, ये सरासर चीटिंग है.

मी म्हटलं, पुष्कर, दुसरा रस्ता नव्हता रे.

"माझे कान आहेत," तो म्हणे. "गेले तरी माझेच आहेत. सांगायचं असतं तर मी सांगितलं असतं. तू कायले सांगितलं?"

पहिल्यांदाच एवढ्या हळू आवाजात बोलला. मले परत विचारावं लागलं, काय म्हणाला. त्यानं परत म्हटलं नाही.

१५ जाने.
अबोला. कंट्रोलर फ्रिजवर पडला आहे.

आई मटर सोलून राहिली होती. म्हणे, "तू कायले पुढे पुढे करते गं? डॉक्टर त्याले विचारते, उत्तर तू देते. दुकानदार त्याले विचारते, उत्तर तू देते. त्याले तोंड दिलं आहे ना देवानं?"

मी म्हटलं, मग काय करायचं होतं? गप्प बसायचं अन् त्याले टीममधून काढू द्यायचं? चार वर्षं हे पोरगं खोलीत बसून होतं, तेव्हा कोण होतं त्याच्याजवळ? आई म्हणे तूच होती, कोण नाही म्हणते. अन् मटरच सोलत बसली. मले एवढा राग आला की सोललेल्या दाण्यांत टरफलं टाकली. राग अजून गेलेला नाही.

१६ जाने.
तिवारीजींचा फोन. परवानगी आहे, पण कच्ची. मॅच चालू असताना कोणी हरकत घेतली तर थांबवून कमिटी ठरवणार. बरं, म्हटलं. ग्रुपवर टाकल्याबद्दल चांगलं सुनावणार होती. जीभ आवरली. परवानगी त्याईच्या हातात.

पुष्करले मेसेज टाकला, बाजूच्या खोलीतूनच. निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचला. उत्तर नाही.

१७ जाने.
ऑफिसची सुट्टी टाकून, फ्रिजवरचा कंट्रोलर, पट्टी अन् लॅपटॉप घेऊन अधारतालले हॉल पाहायले गेली. बरं झालं गेली. लग्नाचा हॉल तो, जिकडे पाहावं तिकडे पांढरे लाइट. आपल्या दिव्याचा उजेड पट्टीवर दिसेचना. सगळ्यात वरच्या पायरीलेही नाही! कंट्रोलर जेवढी ब्राइटनेस देते तेवढी पूर्ण केली, तरी फिका. शेवटी बाजूच्या दुकानातून बुटाचं खोकं घेतलं, आतून काळा कागद लावला, पट्टी त्यात ठेवली. दिसला. पण खोकं समोर मांडून बसला तर सगळा हॉल पाहणार. लपवायले आता उरलं तरी काय, म्हणा.

घरी येऊन कंट्रोलर परत फ्रिजवर अन् खोकं त्याच्या दारात ठेवलं.  संध्याकाळी पाहिलं तर खोकं आत गेलेलं. फ्रिजवरचा कंट्रोलरही.

१८ जाने., रवि.


तो समीरच्या गाडीवर गेला, माझ्यासंग नाही. मी मागून ऑटोनं. कंप्यूटरवर ड्रायव्हर टाकून दिला, तिवारीजी खांद्यावरून पाहत होते. पुष्करनं खोकं मांडलं. मागच्या खुर्च्यांतून कुजबुज. त्याले ऐकू येत नाही हे बरं, असं मले वाटलं, अन् असं वाटल्याची लाज वाटली.

पहिली मॅच जिंकले. दिवा एकदाही अडला नाही.

दुसरी अधारतालच्या टीमशी. बराबरीची चालली होती. विक्कीचा माणूस दबकत मागून आला, पट्टी उजळली, पुष्कर वळला, खेळ खल्लास. विक्कीनं हात वर केला. "सर, रोकिए! ये चीटिंग है."

मॅच थांबली. तिवारीजी उठले अन् सरळ माझ्याकडे आले. पुष्कर हातभर अंतरावर बसलेला, अन् आले माझ्याकडे! "मैडम, आप ही समझाइए इनको."

मी उठली. तोंड उघडलंच होतं. पुष्करनं मागे वळून पाहिलं अन् माझ्याकडे तळहात केला. बस.

मी बसली. कशी बसली माझं मले ठाऊक.

तो उभा राहिला. "मुझसे पूछिए." एवढ्या मोठ्यानं की हॉल दचकला. "मुझे सुनाई नहीं देता. मुँह सामने करके बोलिए, समझ जाता हूँ."

विक्की खाली पाहून काहीतरी पुटपुटला.

"फिर से बोल. इधर देख के."

विक्कीनं मान वर केली. "हमको तो लाइट नहीं मिलती ना, भाई."

"तो हेडफोन उतार. लाइट ले ले."

कोणीतरी हसलं. पण पुष्करले नाही हसलं. विक्कीनं हेडफोनले हात लावला, काढला मात्र नाही. तिवारीजी म्हणाले (पुष्करकडे तोंड करून म्हणाले, हे लिहून ठेवते), मैच यहीं रुकी है, कल शाम कमिटी बैठेगी, जो बोलना हो वहाँ बोलना.

येताना तो माझ्यासंग ऑटोत बसला.  उतरताना म्हणे, "सगळ्यात वरची पायरी डोळ्याले लागते. थोडी कमी कर."

कमी केली.

१९ जाने., सोम.
दुपारी लॅपटॉपजवळ येऊन बसला. "समजाव मले. कसं चालते ते सगळं." समजावलं. मग त्यानंच मले म्हणून दाखवलं. "पायरी बदलली तरच आकडा जाते. दिशा सांगत नाही, जवळ-दूर एवढंच. त्याईच्या हेडफोनमध्ये दोन्ही समजते, म्हणजे माझ्याजवळ त्याईच्यापेक्षा कमीच आहे. बरोबर?"

बरोबर, म्हटलं. मी असती तर दिशेचा मुद्दा शेवटी ठेवला असता, पण मुद्दा आता त्याचा.

"मी येते संग. पाच-सहा जण एकदम बोलतील, ओठ कोणाकोणाचे पाहशील?"

"एकेकानं बोला म्हणन."

"अन् नाही समजलं तर?"

"परत विचारन. दहा वेळा विचारन. तू नको येऊ, ताई." रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर मी गेलीच असती.

साडेसहाले कंट्रोलर अन् खोकं थैलीत टाकून निघाला. समीरलेही घेतलं नाही.

आता आठ वाजून गेले. आई म्हणे, फोन लावून पाहा बरं त्याले. मग तिचं तिलेच आठवलं, फोन त्याले ऐकू कुठे येते. चार वर्षं झाली, अजून तोंडातून निघून जाते.

मेसेज टाइप केला, काय झालं? पुसला. मग, मी येऊ? तो तर लगेच पुसला.

आई दारात जाऊन आली. परत गेली. मी पलंगावर बसून लिहून राहिली. त्यानं बोलावल्याशिवाय उठायचं नाही, ठरवलं आहे. पाय मात्र चपलेत आहेत.