पोटभाडेकरू

रविवार, २ मार्च २००८

पोचले एकदाची रेगेन्सबर्गला! घर छान आहे. म्हणजे घर नाही, खोली. फ्राऊ हुबर नावाच्या आजी इथे भाड्याने राहतात आणि त्यांच्याकडे मी भाड्याने. याला इथे उंटरमीटर म्हणतात, म्हणजे आपला पोटभाडेकरू. आजींनी अर्धा तास कचऱ्याचे चार डबे समजावले. कागद कुठे, काच कुठे, चहापत्ती कुठे. रविवारी आवाज करायचा नाही, त्यामुळे दाण्याचं कूट राहिलं. खिडकीतून डोनाव नदीचा एक तुकडा दिसतो, माझ्यासारख्या पुणेकरणीला तेवढी नदी पुष्कळ झाली.

आईने निघताना दिलेली ही छोटी वही आजपासून सुरू. उद्या नोकरीचा पहिला दिवस. ही जागा आधी आमच्याच कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातल्या सुगत वाघमारेची होती. त्याच्याबद्दल आज नको.

सोमवार, ३ मार्च

साहेब हेर ब्रुनर (हेर म्हणजे इथला 'श्री'), गुलाबी आणि गोल. वाक्य 'आल्झो'ने, म्हणजे 'तर'ने सुरू आणि 'गेनाऊ'ने, म्हणजे 'बरोबर'ने बंद. मला टेबल मिळालं ते सुगतचंच, कॉम्प्युटरही त्याचाच. टेबलावर त्याचा कप अजून तसाच होता. मी तो खणात ठेवला.

ब्रेकच्या नळ्या मोजायचं इथलं सॉफ्टवेअर इतकं जुनं आहे की ते फक्त विंडोज २००० वर चालतं. म्हणून नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर ठेवलाय, नुसत्या सॉफ्टवेअरचा. एका खिडकीत तो उघडतो आणि त्याला वाटतं आपण स्वतंत्र यंत्र आहोत. माझ्यासारखाच पोटभाडेकरू! या विभागाची एक शिस्त आहे. काम झालं की त्या आतल्या यंत्राला जपून ठेवलेल्या क्षणावर परत न्यायचं, म्हणजे मधे काय घोळ झाला तो आपोआप पुसला जातो. मी म्हटलं, माणसांना अशी सोय हवी होती. ब्रुनर खूप हसले. मला हसू आलं नाही.

तो जपलेला क्षण सुगतने ठेवलेला आहे. खिडकी उघडली की आतलं घड्याळ दाखवतं : १६ नोव्हेंबर २००७, दुपारचे चार वाजून दहा.

गुरुवार, ६ मार्च

आतल्या यंत्रात मोजणीच्या पडद्यामागे एक चिठ्ठी उघडी होती. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली.

"शमिका, पासवर्ड फक्त तुझ्याकडे होता. मी कुणालाच नाव सांगितलेलं नाही. माझी बस निघेल आता. सोमवारपर्यंत वाट बघतो. तूच"

इथेच थांबली आहे.

इतके दिवस टाळलं, आता लिहिते. गेल्या वर्षी पुण्यात ब्रेकच्या नळीला दहा लाख वेळा दाब द्यायची चाचणी माझ्याकडे होती. सहा लाखांवर पंप बिघडला. रिपोर्ट त्याच दिवशी जर्मनीला जायचा होता. उरलेल्या चार लाखांचे आकडे मी जुन्या चाचणीतून उचलले. कॉम्प्युटरवर सही सुगतची लागायची आणि तो व्हिसासाठी मुंबईला गेलेला. अडलं तर असू दे म्हणून त्याने पासवर्ड देऊन ठेवला होता. आमच्या ऑफिसात सगळेच देतात, नाही दिला तर माणूस शिष्ट ठरतो. मी त्याच्या नावाने सही ठोकली. पुढे तो इकडे आला आणि ती नळी इथल्या चाचणीत फुटली. रेकॉर्डवर त्याचं नाव. सोळा नोव्हेंबरला त्याला काढून टाकलं. त्याच दुपारी फाटकाबाहेरच्या बसथांब्यावर त्याचं हृदय बंद पडलं. चौतीस वर्षांचा होता.

बातमी आली तेव्हा मी पुण्यात डबा खात होते. बोलले नाही. नंतर रोज बोलायचं ठरवलं आणि रोज बोलले नाही.

चिठ्ठी आज डिलीट केली.

शुक्रवार, ७ मार्च

चिठ्ठी परत आली आहे! घाबरून उठलेच खुर्चीतून. मग आठवलं, काल संध्याकाळी शिस्तीप्रमाणे यंत्र जुन्या क्षणावर नेलं होतं, चिठ्ठी येणारच. भीती कसली? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

रविवार, ९ मार्च

धम्मदीपाताईंनी जेवायला बोलावलं. सुगतची बायको, इथल्या विद्यापीठात संशोधन करते. मला नाही म्हणता येईना. ज्वारीचं पीठ बर्लिनहून मागवून माझ्यासाठी भाकरी केल्या होत्या. भिंतीवर बाबासाहेब, बाजूला बुद्ध, खाली सुगत.

सुगतचे वडील नागपूरला असतात, रिटायर्ड शिक्षक. मुलाने खोटा रिपोर्ट केला हे कंपनीचं पत्र वाचल्यापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. ताई म्हणाल्या की तू त्याच्याच टेबलावर बसतेस, त्याच्या कॉम्प्युटरमध्ये काही सापडतं का बघशील का, बाबांना दाखवण्याजोगं. मी सांगितलं की बघितलं, काही नाही. त्यांनी मला आणखी अर्धी भाकरी वाढली. मी ती खाल्ली. लाज वाटते लिहायला, पण खाल्ली.

सोमवार, १० मार्च

आतलं अख्खं यंत्रच डिलीट केलं, सर्व्हरवरच्या प्रतीसकट. ब्रुनरना सांगितलं की फाइल खराब झाली, नवी बनवते. दिवसभर हलकं वाटलं.

बुधवार, १२ मार्च

आहे. ते यंत्र तिथेच आहे. ब्रुनर म्हणाले, कुणीच परत ठेवलेलं नाही. आतलं घड्याळ चार दहा. पण चिठ्ठी वाढली आहे —

"सोमवार होऊन गेला, शमिका. तू बोलली नाहीस."

हे इथे कुणी लिहू शकत नाही. मराठी येणारं इथे कुणी नाही. माझ्याशिवाय —

गुरुवार, १३ मार्च

पुरे झालं. उद्या चारला ताई सुगतचं ऑफिसातलं सामान न्यायला येणार आहेत. सांगून टाकते. नोकरी जाईल, जाऊ दे.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी ब्रुनर ब्रेत्सल, म्हणजे इथला खारा पाव, घेऊन आले, त्यावरचं मीठ माझ्या टेबलावर सांडलं. चारला ताई आल्या. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की आत्ताच्या आत्ता बाबांना फोन लाव. मी लावला. नागपूरला रिंग जात होती. भिंतीवरच्या घड्याळात चार दहा झाले —

आणि मी पुन्हा टेबलाशी. सकाळ. ब्रुनर ब्रेत्सल घेऊन आले, मीठ सांडलं. कॅलेंडरवर १४ मार्च. ताईंना फोन केला तर त्या हसून म्हणाल्या की हो, येते ना चारला.

शुक्रवार, १४ मार्च

आज सकाळीच ब्रुनरना लेखी दिलं. बाबांना फोन केला. बाबा रडले. म्हणाले, पोरगा खोटा नव्हता ना, मग उद्यापासून फिरायला जातो. चार दहा —

ब्रेत्सल. मीठ. पुन्हा बाबांना फोन केला. ते म्हणाले, कोण बोलतंय?

१४ मार्च

किती वेळा सांगितलं, मोजत नाही. रोज बाबा रडतात, रोज मोकळे होतात, आणि चार दहाला ते सगळं —

पुसलं जावं, हेच तर मला हवं होतं.

चिठ्ठीत आज एकच ओळ. "सांगितलंस का?" सांगितलं रे सुगत, रोज सांगते. त्याच्यापर्यंतही पोचत नाही. दोघंही आता एकाच खिडकीत —

१४ मार्च

ही वही तेवढी टिकते. बाकी सगळं मागे जातं, हिच्यात लिहिलेलं राहतं. आधी का नाही सुचलं? हे शेवटचं पान. चार वाजून नऊ.

ताई इथे रोज विसरतात, म्हणून या खिडकीबाहेर ज्याला ही वही मिळेल त्याने ती धम्मदीपाताईंना नेऊन द्यावी. हात जोडते. बाबांना वाचून दाखवा म्हणावं. ताईंचा पत्ता : रेगेन्सबर्ग,