आतलं बटण

सोमवार
नवी नोकरी, सफरचंदांच्या शीतगृहात. खोली जवळच मिळाली, खिडकीत ऊन येतं, घरमालकीणबाईंनी न मागता चहा दिला. किती दिवसांनी बरं वाटलं. काम सरकत्या दाराचं. मोटर चालू-बंद करणारा रिले सुटून ती थांबली, की तारांत विजेचा गोंगाट उठतो, कंट्रोलर भांबावतो आणि दार अर्ध्यावर अडकतं. दर वेळी इथल्या लोकांनी कंट्रोलरच बदलला म्हणे. रोग रेड्याला, औषध पखालीला.

मंगळवार
गोंगाट दाबायला रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड टाकला, मोटरच्या टोकांवर कपॅसिटर. मोटरच्या तारा सिग्नलच्या तारांपासून लांब नेल्या, कंट्रोलरला वेगळा सप्लाय दिला. मान, पाठ भरून आली. इथले जुने फिटरकाका शिडी धरून होते. म्हणाले, पोरी, आधी जेवून घे, दार कुठे पळून जातंय.

बुधवार
दार लोण्यासारखं सरकतं. मालक खूश. तपासायच्या यंत्राच्या पडद्यावरची सिग्नलची रेघ सरळ झाली. पण एका तारेवर अधूनमधून उंचवटा येतो. ती आतल्या बटणाची तार, दाबलं की असाच उंचवटा येतो. आत अडकलेल्या माणसाने दाबायचं ते बटण. आत कुणी नव्हतं.
काकांना विचारलं. हातातला पाना खाली ठेवला. मग सांगितलं, आधीचा मेकॅनिक आत अडकून गारठून मेला. बटण दाबत असणार बिचारा, तारांतल्या त्या गोंगाटात कंट्रोलरला ऐकूच गेलं नसेल.

गुरुवार
आता कंट्रोलरला ते बटण ऐकू येतं, दार आपोआप उघडतं. माल नासतोय. मालक म्हणाले, ती तार काढून टाका. मी म्हटलं, कुणी अडकलं तर? म्हणाले, जपून जातील. वाद घालायचं त्राण नव्हतं. आत बटणापाशीच कापली.

शुक्रवार
काका दिवा बदलायला आत गेले आणि दार लागलं. आतून ठोकल्याचा आवाज. बाहेरून हातदांड्याने मोटर फिरवून दार उघडलं. काका पांढरेफटक. म्हणाले, ठोकत होता तो मी नव्हे. माझे दोन्ही हात कुणीतरी धरले होते.

शनिवार
झोप नाही. आईचा फोन, घरी ये म्हणते. जाईन. पण तार मी कापली, ती जोडूनच —

शनिवार, दुपार
आत आहे. काका बाहेर उभे होते, तरी दार लागलं. वही अ‍ॅप्रनच्या खिशात होती.
तार जोडली. बटण दाबतेय — काही नाही —
काका ओरडतायत, ठोकू नकोस, उघडतोय.
मी ठोकत नाहीये.
बोटं बधिर. उजव्या हाताने लिहितेय. डावा कुणी —